तिकीट फोनवर आलं, बस कधी येणार ते कधी कळणार?

रिंगरूट (धागाकर्ता)

आपल्या मोठ्या शहरांत बस-मेट्रोचं तिकीट आता फोनवर मिळतं. बेस्टनं डिसेंबर २०२१ मध्ये चलो ॲप आणलं. पुण्याच्या पीएमपीच्या बसमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून यूपीआयनं पैसे देता येऊ लागले, मग २०२४ मध्ये 'आपली पीएमपीएमएल' ॲप आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' सुरू झालं. त्यात मेट्रो, मोनो, लोकल आणि बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरच्या बस अशा ११ सेवा एका जागी आल्या. सुट्या पैशांवरून रोज होणारी हुज्जत कमी झाली. हे मोठं काम आहे आणि ते करणाऱ्यांचे आभार मानायलाच हवेत.

तरी मला वाटतं, आपण तिकिटापाशीच अडकलोय. थांब्यावर उभ्या माणसाला तिकिटाची चिंता नंतर असते. आधी त्याला हवं असतं ते एवढंच: बस येणार आहे का, आणि किती वेळात? रिक्षा करू की थांबू, पावसात पुढच्या चौकापर्यंत चालत जाऊ की इथंच उभा राहू, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. उत्तर मिळालं नाही की माणूस हळूहळू बस सोडतो आणि हप्त्यावर दुचाकी घेतो.

हे उत्तर मिळण्यासाठी लागणारी माहिती आज तयारच होते. एआयएस-१४० या मानकानुसार जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थान कळवणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक आहे. म्हणजे दर काही सेकंदांनी बस आपला ठावठिकाणा कुठल्या तरी सर्व्हरला सांगतेय. ही बस जनतेच्या पैशांवर चालते, मग तिचा ठावठिकाणा एकाच ॲपच्या आत का राहावा? तो थांब्यावरच्या फलकावर दिसावा, कुठल्याही नकाशात दिसावा, एखाद्या विद्यार्थ्यानं आपल्या वस्तीसाठी छोटं संकेतस्थळ केलं तर त्यालाही मिळावा.

दिल्लीनं हे केलंय. तिथल्या परिवहन विभागानं आयआयआयटी-दिल्लीच्या मदतीनं २०१८ मध्ये 'ओपन ट्रान्झिट डेटा' सुरू केलं. नोंदणी करून कोणीही बसचं वेळापत्रक आणि धावत्या बसचं स्थान घेऊ शकतो. कोची मेट्रोनंही त्याच वर्षी आपली माहिती खुली केली. राज्यातल्या प्रत्येक शहर बससेवेनं हे करावं, असं माझं म्हणणं आहे. मोबाइल सगळ्यांकडे नसतो, म्हणून ही माहिती थांब्यावर लिहिलेलीही दिसावी.

तुमचे अनुभव लिहा. यंत्रणेच्या आतून काम पाहिलेलं कोणी असेल तर नक्की लिहा.

---

डबलडेकर

क्रम उलटा वाटतो मला. आधी बस, मग बसची माहिती.

केंद्राच्या शहरी वाहतूक निकषांत सर्वात वरच्या श्रेणीसाठी हजार लोकसंख्येमागे ०.६ बस लागतात, म्हणजे लाखाला ६०. सव्वा कोटीची मुंबई धरली तर साडेसात हजार. बेस्टचा ताफा एके काळी चार हजारांवर होता, आज तीन हजारही भरत नाहीत. पुण्यात पिंपरी-चिंचवड धरूनही दोन हजारांच्या आसपास. त्यात मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. पंचवीस मिनिटांनी येणारी बस पंचवीस मिनिटांनीच येणार, हे अचूक कळून माझं काय भलं होणार? मला ती दहा मिनिटांनी हवी आहे.

---

अनुस्वार

डबलडेकर, बस हव्यातच, त्यावर वाद नाही. पण बस घ्यायला शेकडो कोटी आणि काही वर्षं लागतात. असलेली माहिती खुली करायला त्यातला एक कणही लागत नाही. एकासाठी दुसरं का थांबवायचं?

आणि माहितीनं खरंच फरक पडतो. सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये 'वनबसअवे' नावाची सेवा उभी केली, बस किती मिनिटांत येईल ते सांगणारी. नंतर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ही माहिती पाहून निघणारे लोक थांब्यावर इतरांपेक्षा जवळजवळ दोन मिनिटं कमी थांबत होते. शिवाय माहिती नसलेल्यांना आपण प्रत्यक्षाहून जास्त वेळ ताटकळलो असं वाटत होतं, माहिती असलेल्यांना तसं वाटत नव्हतं. बस तेवढ्याच होत्या. तुमची पंचवीस मिनिटं घरात किंवा ऑफिसात गेली तर रस्त्याच्या कडेला धूर खात जात नाहीत, हे भलं लहान नाही.

तांत्रिक बाजू थोडी लिहितो, कारण 'माहिती खुली करा' म्हटलं की अधिकाऱ्यांना वाटतं काहीतरी अगडबंब प्रकल्प आहे. जगभर यासाठी जीटीएफएस नावाचा एक साचा वापरतात. त्याची सुरुवात अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात झाली. तिथल्या ट्रायमेट या परिवहन संस्थेत काम करणाऱ्या बिबियाना मॅकह्यू यांना खटकत होतं, की मोटारीचा रस्ता संगणकावर सहज सापडतो, बसचा सापडत नाही. त्यांनी गूगलशी बोलणं केलं आणि डिसेंबर २००५ मध्ये पोर्टलंडची बससेवा नकाशावर आली. साचा अगदी साधा आहे: थांब्यांची एक फाइल, मार्गांची एक, फेऱ्यांची एक, कुठली फेरी कुठल्या थांब्यावर किती वाजता त्याची एक. साध्या मजकुराच्या फाइल, एका झिपमध्ये. भाषांतराची वेगळी फाइल जोडता येते, म्हणजे थांब्याचं नाव मराठीत नीट लिहिता येतं. धावत्या बसची माहिती देणारा याचाच दुसरा भाग २०११ मध्ये आला. त्यात तीनच गोष्टी असतात: बस आत्ता कुठं आहे, पुढच्या थांब्यांवर किती उशिरानं पोचेल, आणि सूचना (मार्ग बदलला, फेरी रद्द, वगैरे).

ज्या संस्थेकडे स्वतःचं ॲप आहे तिच्याकडे यातलं बहुतेक आधीच असतं. फक्त दार उघडायचं आहे.

---

टेम्सकाठी

लंडनहून लिहितेय, मूळची दादरची. इथलं उदाहरण द्यायलाच हवं. ट्रान्सपोर्ट फॉर लंडननं बरीच वर्षं स्वतःचं मोठं ॲप काढलंच नाही. माहिती खुली केली आणि ॲप बाहेरच्यांना करू दिली. शेकडो निघाली. त्यांचं आजचं 'टीएफएल गो' २०२० मध्ये आलं. खुल्या माहितीमुळे प्रवाशांचा वाचलेला वेळ आणि शहराला झालेला इतर फायदा मिळून वर्षाला १३ कोटी पौंडांपर्यंत जातो, असा अंदाज डेलॉइटनं २०१७ मध्ये मांडला होता.

पण माझ्या आईला इथं आल्यावर सगळ्यात आवडलं ते ॲप नव्हे. बसमध्ये पुढचा थांबा मोठ्यानं सांगतात आणि वर लिहून येतो, ते. 'आयबस' नावाची ही यंत्रणा २००९ पर्यंत शहरातल्या सगळ्या, म्हणजे आठ हजारांच्या घरातल्या बसमध्ये बसवून झाली. भाषा पुरती न येणारी, शहर नवं असलेली बाई एकटी प्रवास करू लागली.

आणखी एक. २०११ मध्ये प्रत्येक थांब्याला पाच आकडी क्रमांक दिला. तो एसएमएस केला की पुढच्या बसच्या वेळा परत येत. कुठलाही साधा फोन चालायचा. आपल्याकडे बटणांचे फोन अजून इतके आहेत, मग हे आपण का करू नये?

---

पेठकर

टेम्सकाठी, एसएमएसची कल्पना फारच आवडली. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींच्या घरात स्मार्टफोन एकच, आणि तो मुलाकडे असतो. सगळी माहिती ॲपमध्ये आणि कागदी वेळापत्रक थांब्यावरून गायब, असं झालं तर ज्यांना बसची सर्वांत जास्त गरज आहे तेच अंधारात राहतात.

कार्डाबद्दलही लिहितो. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड मार्च २०१९ मध्ये आलं, देशभरातल्या मेट्रो-बससाठी एकच कार्ड म्हणून. कल्पना उत्तम. पैसे कार्डाच्या चिपमध्येच असतात, त्यामुळे नेटवर्क नसलं तरी मेट्रोच्या फाटकावर लगेच चालतं. पण घरबसल्या ऑनलाइन भरलेले पैसे चिपवर यायला कार्ड एखाद्या यंत्राला लावून शिल्लक अद्ययावत करावी लागते. हे कोणी समजावून सांगत नाही. ज्येष्ठ मंडळी पैसे भरतात, फाटक उघडत नाही, मागं रांग लागते, आणि घाबरून पुन्हा रोखीवर येतात. स्टेशनवर त्या यंत्रापाशी मराठीत मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहिल्या आणि पहिले काही महिने एक माणूस उभा केला तरी पुष्कळ होईल.

---

डेपोचा_माणूस

धागाकर्त्यानं आतल्यांना बोलावलंय म्हणून लिहितो. एका शहर बससेवेच्या वाहतूक विभागात नोकरी झाली, आता निवृत्त आहे.

ॲपवर बस 'तीन मिनिटांत' दिसते आणि येतच नाही, याचं कारण बहुतेक वेळा उपग्रहात नसतं. ते आगारात असतं. पहाटे गाडी निघायच्या वेळी चालक सांगतो, ब्रेक धरत नाहीत. आम्ही दुसरी गाडी देतो. नोंदवहीत बदल लिहिला जातो, संगणकात लिहायला त्या गडबडीत कोणी नसतं. मग ॲपला वाटतं जुनी गाडीच मार्गावर आहे. ती आगारात उभी असते, तर मार्गावर धावणारी गाडी कुणालाच दिसत नाही. फेरी रद्द झाली तरी तेच. वेळापत्रकातली फेरी पडद्यावर चालत राहते, रस्त्यावर ती नसतेच.

यावर उपाय अवघड नाही. वाहक ड्युटी सुरू करताना तिकीट मशीनमध्ये ड्युटीचा क्रमांक भरतोच. त्याच वेळी गाडीचा क्रमांकही भरून घ्यायचा आणि तो जीपीएसशी जोडायचा. गाडी बदलली की वाहक नव्या गाडीत पुन्हा भरेल. कारकुनावर अवलंबून राहायला नको. हे काम कोणाचं, ते मात्र लेखी ठरलेलं पाहिजे, नाहीतर महिनाभर होतं आणि मग सुटतं.

दुसरी गोष्ट. अर्धा तास काही नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन गाड्या, यावर प्रवासी चिडतात. योग्यच आहे. पण त्यात चालकाचा दोष क्वचित असतो. पुढच्या गाडीला सिग्नलवर दोन मिनिटं उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात. ती चढायला वेळ लागतो, उशीर वाढतो. मागच्या गाडीला थांब्यावर माणसंच नसतात, ती पळते आणि पुढचीला गाठते. पूर्वी चौकीवरचा माणूस हातातल्या घड्याळावर हे सांभाळायचा, पण त्याला दिसायचं ते स्वतःच्या चौकीपुरतंच. आज नियंत्रण कक्षात सगळा मार्ग एका पडद्यावर दिसतो. मागच्या गाडीला एका थांब्यावर दोन मिनिटं धरा, किंवा एखादी मधूनच वळवा, हे तिथून सांगता येतं. तसं सांगायचा अधिकार कक्षात बसलेल्याला द्यायला हवा. पडदे लावून नुसतं पाहत बसायचं असेल तर त्याचा प्रवाशाला उपयोग नाही.

डबलडेकर यांना सांगेन, की आहेत त्याच गाड्या सारख्या अंतरानं धावल्या तर लोकांना गाड्या वाढल्यासारखं वाटतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

टेम्सकाठी

काका, अगदी हेच इथं होतं. चालकासमोरच्या छोट्या पडद्यावर पुढची आणि मागची बस किती अंतरावर आहे ते दिसतं. बस थांब्यावर धरून ठेवली तर तशी घोषणा होते, दोन बसमधलं अंतर सारखं करण्यासाठी थांबलोय म्हणून. कारण कळलं की लोक सहसा कुरकुरत नाहीत.

---

डबलडेकर

डेपोचा_माणूस यांचा प्रतिसाद वाचून माझं मत बरंच सरकलं. म्हणजे ही माहिती प्रवाशाइतकीच वाहतूक विभागालाही लागते, आणि ती चुकीची असेल तर दोघांनाही चुकीची. बसची संख्या वाढवण्याचा आग्रह मी सोडत नाही.

---

श्रावणस्वर

मला दिसत नाही. फोन स्क्रीन रीडरवर वापरते. माझी बाजू मांडते.

बहुतेक ॲपमध्ये धावती बस नकाशावर सरकताना दाखवतात. नकाशा माझ्यासाठी कोरा असतो. मला साधी यादी हवी: क्रमांक, कुठं जाणार, किती मिनिटं. बटणांना नाव दिलेलं नसतं, मग फोन नुसतं 'बटण, बटण' म्हणत राहतो. तिकीट काढायच्या पानावर हे झालं की मला शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात फोन द्यावा लागतो, आणि त्यात माझे पैसे असतात. बटणाला नाव देणं हे अगदी थोडं काम आहे, फक्त कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

फोननं बस आली असं सांगितलं तरी समोर उभ्या दोन बसपैकी माझी कुठली आणि तिचं दार कुठं, हे उरतंच. आयआयटी दिल्लीनं यासाठी 'ऑनबोर्ड' नावाचं उपकरण केलंय. हातातलं बटण दाबलं की जवळच्या बसचे क्रमांक ऐकू येतात. आपला निवडला की त्या बसच्या दारापाशी बसवलेल्या स्पीकरमधून आवाज येतो आणि त्या दिशेनं चालत जाता येतं. दिल्लीत आणि मुंबईत बेस्टच्या काही बसमध्ये त्याची चाचणी झाली आहे. चाचण्या होतात तेव्हा आम्हाला बोलावतात, फोटो होतात. मला ते रोजच्या बसमध्ये हवंय.

आणि टेम्सकाठी म्हणतात तशी बसमधली घोषणा. काही ठिकाणी यंत्रणा असते आणि आवाज बंद ठेवलेला असतो. चालू ठेवा, एवढंच मागणं आहे.

---

रिंगरूट

श्रावणस्वर, तुमचा प्रतिसाद वाचून मागणीत दोन गोष्टी वाढवतोय: नकाशाशिवायची यादी, आणि बसमधली घोषणा सक्तीची. हे मूळ धाग्यात असायला हवं होतं, इतकं महत्त्वाचं आहे.

---

सुगंधा_म

रात्रपाळी करते. शेवटची बस गेली की अजून यायची आहे, एवढं एकच कळलं तरी मला सुरक्षित वाटतं. बस बारा मिनिटांनी आहे हे माहीत असेल तर मी ऑफिसच्या दारात, उजेडात, वॉचमनजवळ थांबते. माहीत नसेल तर निर्मनुष्य थांब्यावर जाऊन उभं राहावंच लागतं, न जाणो बस निघून गेली तर.

आपत्कालीन बटणाचं कोणीतरी नीट सांगा. ते दाबल्यावर कुठं वाजतं? पलीकडे रात्री माणूस असतो का? बसमध्ये लाल बटण आहे एवढ्यावर विश्वास कसा ठेवायचा? वर्षातून दोनदा बटणं दाबून तपासणी व्हावी आणि किती वेळात प्रतिसाद आला ते जाहीर करावं.

---

अनुस्वार

सुगंधा, 'शेवटची बस गेली की नाही' हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. प्रत्येक सेवेनं ते ठळक दाखवायला हवं.

गर्दीबद्दल एक सुचवतो. सिंगापूरमध्ये येणाऱ्या बसपुढं तीनपैकी एक खूण असते: बसायला जागा आहे, उभं राहायला आहे, की जेमतेम आहे. खुल्या माहितीतही ते मिळतं, व्हीलचेअर चढेल का तेही. आपल्याकडे तिकीट मशीनला कुठल्या टप्प्यापासून कुठल्या टप्प्यापर्यंत किती तिकिटं फाडली ते ठाऊक असतं. पासवाले त्यात नीट येत नाहीत, पण ढोबळ अंदाज आजच्या यंत्रांवरही निघेल. लहान मूल कडेवर असलेल्या बाईला किंवा गुडघे दुखणाऱ्या आजोबांना पुढची बस रिकामी आहे हे कळलं, तर ते आनंदानं पाच मिनिटं थांबतील.

---

अबोली

एक सावधगिरी. बसचं स्थान खुलं असावं, माणसाचं नव्हे. बस कधी येणार एवढं बघायलासुद्धा मोबाइल क्रमांक, ओटीपी, संपर्क यादीची परवानगी कशासाठी? कार्ड आणि ॲपवरच्या तिकिटांतून माझं घर, ऑफिस, दवाखाना सगळं कळतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. प्रवासाच्या नोंदी किती दिवस ठेवता आणि कोणाला देता, हे प्रत्येक सेवेनं मराठीत सांगावं.

---

पेठकर

अबोली, शंभर टक्के सहमत.

रिंगरूट, आता पुढं काय? चर्चा इथंच विरली तर वाईट वाटेल.

---

रिंगरूट

माहितीचा अधिकार वापरू या. कायद्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक संस्थेनं न मागताही माहिती प्रसिद्ध करायची असते, शक्य असेल तिथं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये. मसुदा:

'विषय: शहर बससेवेचे वेळापत्रक, बसचे थेट स्थान व प्रत्यक्ष फेऱ्या.
१. बसमधील स्थानदर्शक यंत्रणेतून मिळणाऱ्या माहितीची मालकी कोणाकडे आहे, यासंबंधी पुरवठादाराबरोबरच्या करारातील कलमाची प्रत.
२. थांबे, मार्ग व वेळापत्रक यांची सध्या वापरात असलेली फाइल, संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात.
३. मागील महिन्यातील आगारनिहाय नियोजित, प्रत्यक्ष झालेल्या व रद्द फेऱ्यांची संख्या.
४. घोषणा यंत्रणा बसवलेल्या बसची संख्या व त्यांपैकी चालू स्थितीतील संख्या.
५. आपत्कालीन बटणांच्या मागील तपासणीच्या अहवालाची प्रत.'

---

डेपोचा_माणूस

मसुदा चांगला आहे. तिसऱ्या मुद्द्यात 'रद्द होण्याच्या कारणासह' हे शब्द घाला. गाडी नाही, चालक नाही, बिघाड, कोंडी अशी कारणं आगाराच्या रोजच्या अहवालात असतात. कारण मागितलं नाही तर नुसती बेरीज पाठवतात. आणि पहिला मुद्दा पहिलाच राहू द्या. करारात माहितीची मालकी पुरवठादाराकडे गेली असेल तर बाकीचं सगळं तिथंच अडतं, आणि पुढच्या निविदेच्या वेळी ते कलम बदलून घेण्यासाठी आत्तापासून मागं लागावं लागेल.

---

रिंगरूट

शब्द घातले. मी पुण्यासाठी अर्ज देतोय. मुंबईचा डबलडेकर देणार का? नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूरचं कोणी असेल तर हाच मसुदा उचला, संस्थेचं नाव तेवढं बदला. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाका, नाव-पत्ता झाकून.

---

डबलडेकर

देतो. ताफ्यातल्या एकूण आणि रस्त्यावर उतरणाऱ्या बसची संख्या वेगळ्या अर्जात मागतोय, विषय वेगळा पडतो म्हणून.